चिपच्या आराखड्याचे शिक्षण : कोठे घ्यावे?

(ट्रस्टच्या अमृतमहोत्सवी व्याख्यानमालेत एका सभासदाने दिलेले भाषण)



अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने मी चार शब्द बोलावेत अशी कार्यवाहांची आज्ञा झाली, तेव्हा ती टाळण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. माझा पिंड वक्त्याचा नव्हे. माझे आयुष्य चिपचे आराखडे करण्यात गेले आणि ते काम मान खाली घालून, मुकाट्याने करावयाचे असते. परंतु कार्यवाह म्हणाले, "शिष्यवृत्ती समितीकडे यंदा जे अर्ज आले आहेत त्यांतल्या निम्म्यांवर सेमीकंडक्टर हा शब्द आहे. आम्हांला त्यातले काही कळत नाही. तुम्हांला कळते, तर सांगा." यावर नाही म्हणणे शक्य नव्हते. बोलण्याचे आणखी एक कारण आहे. ते जरा अवघड आहे, ओघात येईल.

एवढे अर्ज का आले हे उघड आहे. साणंदला मायक्रॉन कंपनीच्या कारखान्याची पायाभरणी सप्टेंबर २०२३ मध्ये झाली. धोलेऱ्याला टाटांच्या कारखान्यास फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. ९१,००० कोटी रुपयांचा तो प्रकल्प आहे. दोन्ही ठिकाणे आपल्या गुजरातेतली. साहजिकच दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत ज्या घरी इंजिनिअर झालेला मुलगा वा मुलगी आहे त्या घरी एकच चर्चा : आता चिपच्या धंद्यात शिरावे, आणि त्यासाठी एम.टेक. करावे. मुलगा मेकॅनिकलचा असो की केमिकलचा.

येथे पहिली गफलत होते. साणंदचे काम म्हणजे तयार झालेल्या चकत्या कापणे, एकेक तुकडा डबीत बसविणे आणि तपासणे. धोलेऱ्याचे काम म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर प्रत्यक्ष चिप उठविणे. तिथे केमिकलच्या, मेकॅनिकलच्या, पदार्थविज्ञानाच्या मुलांना त्यांच्या मूळ विद्येवरच काम आहे. त्यासाठी शाखा बदलण्याचे कारण नाही. आणि चिपचा आराखडा करणे हे तिसरेच काम. गवंडी, सुतार आणि नकाशा काढणारा हे तिघेही घरच बांधतात, पण एकाच शाळेत शिकत नाहीत. आराखडा करणारी मंडळी आपल्या देशात मुख्यतः बेंगळूर, हैदराबाद, नोएडा, चेन्नई येथे बसतात. काही पुण्यात आणि अहमदाबादेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ साली बेंगळुरात आपली कचेरी उघडली तेव्हापासून हा धंदा आपल्याकडे आहे, आणि त्यासाठी देशात कारखाना असावा लागला नाही. म्हणून धोलेऱ्याकडे पाहून आराखड्याच्या अभ्यासक्रमाला नाव घालणाऱ्यांनी क्षणभर थांबावे.

आता आराखडा म्हणजे काय ते सांगतो. १९७१ साली इंटेलने ४००४ नावाची चिप काढली, तिच्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. त्यांतला प्रत्येक माणसाने हाताने काढलेला होता. २०२० साली अ‍ॅपलने आपल्या संगणकांत जी एम-१ नावाची चिप घातली तिच्यात १,६०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. एवढे काही कोणी हाताने काढीत नाही. त्यामुळे कामाच्या वाटण्या झाल्या आहेत, आणि शाळा निवडणाऱ्याने प्रथम या वाटण्या समजून घेतल्या पाहिजेत. कारण "मला चिप डिझाइन करायचे आहे" असे म्हणणे म्हणजे "मला दवाखान्यात काम करायचे आहे" असे म्हणण्यासारखे आहे. शस्त्रक्रिया करणार, की औषधे देणार, की क्ष-किरण काढणार?

काही जण चिपने काय करावयाचे ते व्हेरिलॉग नावाच्या भाषेत लिहून काढतात. ते लिहिलेले बरोबर आहे की नाही हे दुसरे तपासतात, त्याला व्हेरिफिकेशन म्हणतात. आमच्या मुलांना वाटते की लिहिणारा मोठा आणि तपासणारा लहान. वस्तुतः एखाद्या मोठ्या चिपवर निम्मे किंवा त्याहून अधिक श्रम तपासण्यावरच पडतात. याचे कारण एका उदाहरणाने लक्षात येईल. १९९४ साली अमेरिकेतल्या एका गणिताच्या प्राध्यापकाला असे आढळले की इंटेलची पेंटियम चिप काही भागाकार चुकीचे करते. चिपच्या पोटात भागाकारासाठी एक कोष्टक होते आणि त्यातली पाच घरे भरावयाची राहून गेली होती. फक्त पाच. कंपनीला त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरावा लागला. सॉफ्टवेअरमधली चूक उद्या दुरुस्त करून पाठविता येते. चिपमधली चूक दगडावरच्या रेघेसारखी. म्हणून तपासणाऱ्याला काम आहे, पगार आहे, आणि माझ्या मते मानही असायला हवा. ज्या मुलाला संगणकाच्या भाषांची आवड आहे आणि दुसऱ्याच्या हिशेबात चूक काढताना आनंद होतो, त्याने हे काम खुशाल घ्यावे.

तिसरे लोक लिहिलेल्या आराखड्याचा प्रत्यक्ष नकाशा करतात : कोणता भाग कोठे बसेल, तारा कोठून जातील. यातले मुख्य दुखणे वेळेचे. चिपमध्ये एक घड्याळ असते. सेकंदाला तीनशे कोटी ठोके हे आज विशेष मानले जात नाही. प्रत्येक ठोक्याला माहितीची देवघेव होते. आपल्या स्टेशनावर गाडी येण्यापूर्वी सामान फलाटावर आलेले पाहिजे, आणि ते डब्यात चढेपर्यंत मागून येणाऱ्या सामानाने त्याला धक्का देता कामा नये. या दोन्हींपैकी एक जरी चुकले तरी भलत्याचे सामान भलत्या गाडीत. हा हिशेब कोट्यवधी ठिकाणी जुळवावा लागतो. चिकाटीचे काम आहे.

आणि चौथे अ‍ॅनालॉगचे काम : आवाज, रेडिओलहरी, उष्णता, विजेचा दाब अशा खऱ्या जगातल्या गोष्टी चिपमध्ये घेणे आणि बाहेर काढणे. येथे अजूनही एकेक ट्रान्झिस्टर हातानेच मापून बसवावा लागतो. शिकायला सर्वांत वेळ यालाच लागतो. मी हेच केले, म्हणून माझा ओढा तिकडे आहे, हे ध्यानात ठेवून माझे पुढचे बोलणे ऐकावे.

मी स्वतः या विद्येत आलो तो आडवाटेनेच. १९८१ साली मी आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून इलेक्ट्रिकलची पदवी घेतली आणि गावातल्याच एका कारखान्याच्या चाचणी विभागात लागलो. मोठाली स्विचगिअरे तपासावयाची. चार वर्षे सुखाने गेली. मग एके दिवशी एक परदेशी नियंत्रक आला. आमच्याकडे कपाटभर रिले जे काम करीत, ते त्याच्या पाटीवरची बोटभर लांबीची एक चिप करीत होती. मी दोन दिवस ती पाटी पाहत होतो. तिसऱ्या दिवशी ठरविले की हे काय आहे ते शिकावयाचे.

वडील त्यावेळी नुकतेच निवृत्त झाले होते, धाकटी बहीण लग्नाची होती. चालती नोकरी सोडून सत्ताविसाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसणार, हे ऐकून आईने जेवण टाकले. वडिलांनी आदळआपट केली नाही. ते एवढेच म्हणाले, "दोन वर्षांनी तुला काय करता येईल, जे आज येत नाही?" मी म्हणालो, एम.टेक. होईन. ते म्हणाले, "ते तू काय होशील ते झाले. मी विचारले, काय करता येईल." मला उत्तर देता आले नाही. गेट परीक्षा तेव्हा नव्यानेच सुरू झालेली होती. ती देऊन मी गेलो. पण तो प्रश्न तेव्हापासून माझ्यापाशी आहे.

त्या काळचे शिक्षण आजच्या मुलांना गमतीचे वाटेल. मीड आणि कॉनवे यांचे १९८० सालचे पुस्तक आम्हांला प्रमाण होते. लिन कॉनवे या बाईंनी आणि कार्व्हर मीड यांनी चिपचा आराखडा कारखान्यातल्या मूठभर तज्ज्ञांच्या हातून काढून विद्यार्थ्यांच्या हाती दिला. त्यांच्या पद्धतीप्रमाणे आम्ही रंगीत पेन्सिलींनी चिप काढीत असू : एक थर हिरवा, पॉलिसिलिकॉनचा तांबडा, धातूच्या तारांचा निळा. तांबडी रेघ हिरवीवरून गेली की तिथे ट्रान्झिस्टर झाला. माझ्या टेबलावर पेन्सिलीचे तासलेले तुकडे पडलेले असत आणि वसतिगृहातली मंडळी विचारीत, बालवर्गात नाव घातले काय?

पहिले सहा महिने फार जड गेले. बरोबरची मुले इलेक्ट्रॉनिक्सची, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. वर्गात बोललेले अर्धे मला कळत नसे. मग अ‍ॅम्प्लिफायरच्या स्थैर्याचा भाग आला, आणि माझ्या ध्यानात आले की हे तर मला येते! कारखान्यात टर्बाइनचा गव्हर्नर हेलकावे का घेतो याचे जे गणित आम्ही मांडीत असू, तेच हे गणित होते. तिथे हेलकावा सेकंदांचा, इथे सेकंदाच्या कोट्यंशाचा, एवढाच फरक. त्या दिवसापासून मी अ‍ॅनालॉगचा झालो. हे सांगण्याचे कारण असे की शाखा बदलणारा रिकाम्या हाताने येत नाही. इलेक्ट्रिकलच्या मुलाजवळ नेटवर्क आणि कंट्रोल असते, संगणकाच्या मुलाजवळ प्रोग्रामिंग, मेकॅनिकलच्या मुलाजवळ उष्णतेचे ज्ञान. आणि आजच्या चिपची मोठी अडचण उष्णता हीच आहे. आपल्याजवळचे काय उपयोगी पडेल हे पाहून काम निवडावे, आणि कामावरून शाळा. बहुतेक जण उलट्या टोकाने निघतात.

माझ्या प्रबंधातली चिप मात्र कधीच बनली नाही. विद्यार्थ्याची चिप बनवून देण्याची सोय नव्हती. संगणकावर ती उत्तम चालली, मार्क चांगले पडले, मी १९८७ साली बेंगळुरास नोकरीला लागलो. तिथे माझी पहिली खरी चिप परदेशातून बनून आली आणि तिला वीज दिल्याबरोबर ती गाऊ लागली. म्हणजे जिथे स्वस्थ बसावयाचे तिथे तिचे आंदोलन सुरू झाले. चिप आणि तिची डबी यांना जोडणारी केसासारखी सोन्याची तार असते. त्या तारेचाही काही गुणधर्म असतो, तो मी हिशेबात धरला नव्हता. आठ दिवस मी त्या चिपसमोर बसून होतो. एम.टेक.च्या दोन वर्षांत जे शिकलो नव्हतो ते त्या आठ दिवसांत शिकलो. वरिष्ठ भला माणूस होता. तो म्हणाला, प्रत्येकाची पहिली चिप अशीच असते, तुझी थोडी महागात पडली. ती शाळेतच झाली असती तर स्वस्तात पडली असती!

आता ते अवघड कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या समितीकडे एका मुलाचा अर्ज आला होता. पदवी इलेक्ट्रॉनिक्सची, दोन वर्षे दुसऱ्याच कामात गेलेली, आणि एका खासगी कॉलेजात एम.टेक.ला प्रवेश मिळालेला. अभ्यासक्रमाच्या नावात व्हीएलएसआय ही अक्षरे होती. फी मोठी होती. समितीने माझे मत विचारले. मी त्या नावाकडे पाहिले, गुणपत्रिकेकडे पाहिले आणि शिफारस केली. कॉलेज पाहिले नाही. अभ्यासक्रम मागविला नाही. तिथून बाहेर पडलेल्या एकाशीही बोललो नाही. तो मुलगा माझा सख्खा भाचा होता, हे मी समितीला सांगितले होते. परंतु आपल्याच माणसाच्या बाबतीत अधिक कसून पाहावे, ते मी केले नाही.

तिथल्या प्रयोगशाळेत संगणक होते, पण चिपच्या कामाला जी महागडी सॉफ्टवेअरे लागतात त्यांचे परवाने संपलेले होते. शिकविणारे गृहस्थ स्वतः कधी चिपच्या वाटेला गेलेले नव्हते; पडद्यावरचे वाचून दाखवीत. प्रबंध म्हणून मुलांनी आदल्या वर्षीच्यांचे प्रबंध थोडे फिरवून दिले. पदवी मिळाली. मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला, म्हणजे मघाशी सांगितलेल्या फलाटाच्या आणि सामानाच्या प्रश्नाला, तो अडखळला. आज तो मोबाइलवरची अ‍ॅप तपासण्याची नोकरी करतो. वाईट नाही, पण त्यासाठी एम.टेक. लागत नव्हते. ट्रस्टचे कर्ज त्याने शेवटच्या हप्त्यापर्यंत फेडले. ताईच्या पाटल्या गेल्या त्या गेल्या. तिने मला आजवर एका शब्दाने विचारले नाही. भाऊबीजेला ओवाळताना तिचे हात मोकळे दिसतात, एवढेच.

तेव्हा पुढे जे सांगतो ते शहाणपणाच्या बैठकीवरून नव्हे.

कोणतीही संस्था निवडताना मी आज सर्वांत आधी असे विचारीन : तुमच्या विद्यार्थ्यांनी आराखडा केलेली चिप गेल्या दोन-तीन वर्षांत प्रत्यक्ष बनून आली आहे काय, आणि ती आल्यावर त्यांनी ती मोजली काय? आमच्या वेळी याचे उत्तर सर्वत्र 'नाही' असे होते. आता तसे राहिलेले नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'चिप्स टू स्टार्टअप' नावाची योजना काढली. ८५,००० अभियंते तयार करण्याचे तिचे उद्दिष्ट. तिच्या द्वारे बेंगळूरच्या सी-डॅकमधल्या चिप-इन केंद्रातून देशभरच्या कॉलेजांना ती महागडी सॉफ्टवेअरे वापरावयास मिळतात आणि विद्यार्थ्यांच्या चिपा मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत बनतात. हीच ती संस्था, जिचा कारखाना १९८९ च्या आगीत जळाला होता. तिथली बारीकी १८० नॅनोमीटरची, म्हणजे आजच्या मानाने जुनी. मुलगे नाक मुरडतात. मी म्हणतो, ज्याला तार हिशेबात धरावयास शिकावयाचे आहे त्याला १८० पुरेसे आहे. आपण विचारीत असलेले कॉलेज या योजनेत आहे की नाही एवढे विचारले तरी बरेचसे धुके जाते.

दुसरे, शिकविणारा कोण. संस्थेचे नाव मोठे आणि आपल्या विषयाचा प्राध्यापक नाही, असे पुष्कळदा असते. प्राध्यापकांनी अलीकडे काय केले हे संस्थेच्या संकेतस्थळावर सापडते; ते वाचून त्यांतला एखादा निबंध, न कळला तरी, डोळ्यांखालून घालावा. आणि तिसरे, बाहेर पडलेल्या निदान दोघांशी बोलावे. एक यशस्वी झालेला, एक न झालेला. संस्था पहिल्याचा पत्ता आपण होऊन देते. दुसरा शोधावा लागतो, आणि खरी माहिती त्याच्याकडे असते. 'शंभर टक्के नोकऱ्या' असे पत्रकात छापलेले असेल तर नोकऱ्या कोणत्या, हे विचारावे.

नावे विचारणारे भेटतात, म्हणून काही सांगतो. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स व व्हीएलएसआयचे एम.टेक. आहे. दिल्लीच्या आयआयटीत उद्योगांच्या सहकार्याने चालणारा व्हीएलएसआयचा अभ्यासक्रम आहे. पवईच्या आयआयटीत दोन वर्षांच्या एम.टेक.खेरीज तीन वर्षांचाही एक मार्ग आहे. त्यात विद्यार्थ्याला प्रयोगशाळेतली कामे सांभाळावी लागतात. मुले एक वर्ष वाया जाईल म्हणून तो टाळतात. शाखा बदलणाऱ्याला ते वर्ष वाया जात नाही. पहिले सहा महिने जड जाणार असतील तर तीन वर्षे दोनांपेक्षा बरी. मद्रासच्या आयआयटीतली संशोधनाची एम.एस. पदवीही अशीच, सावकाश शिजणारी. यांशिवाय एनआयटी आहेत. त्यांतल्या काहींत काम चांगले चालते, काहींत फक्त नाव आहे, आणि हे विभागागणिक बदलते. गेटमधून अशा सरकारी संस्थांत गेलेल्याला विद्यावेतन मिळते. बरीच वर्षे ते दरमहा १२,४०० रुपये आहे. त्यात घर चालत नाही, पण कर्जही फारसे होत नाही. गेटचे गुण तीन वर्षे चालतात आणि २०२१ पासून दोन विषयांचे पेपर देता येतात. मूळ पदवीच्या विषयाचा एक आणि इलेक्ट्रॉनिक्सचा एक, असे काही शाखांना करता येते. मात्र काही विभाग गेटचा पेपर पाहतात आणि काही मूळ पदवी. अर्ज भरण्यापूर्वी पात्रतेचे कलम अक्षरशः वाचावे.

ज्यांना नोकरी सोडणे शक्य नाही त्यांच्यासाठी पिलानीच्या बिर्ला संस्थेचा नोकरी सांभाळून करावयाचा अभ्यासक्रम आहे. पण नोकरी आधीच या धंद्यातली असेल तर त्याचा उपयोग अधिक. आणि ज्याला केवळ व्हेरिफिकेशनच्या कामात शिरावयाचे आहे त्याने पुण्याच्या सी-डॅकची सहा महिन्यांची पदविका पाहावी. एम.टेक. हाच एक दरवाजा आहे असे नाही. अ‍ॅनालॉगला मात्र आडवाट नाही. तिथे प्रबंध आणि गुरू दोन्ही हवेत.

परदेशाविषयी थोडक्यात. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत वर्गाच्या अभ्यासातच चिप करून, बनवून, मोजण्याची सोय काही ठिकाणी असते, हे खरे. पण आपल्या समितीसमोर जे अंदाजपत्रक येते ते पन्नास लाखांच्या आसपास असते आणि त्याच्या तळाशी घराचे तारण असते. पदवीनंतर तिथे तीन वर्षांपर्यंत काम करण्याची मुभा तांत्रिक विषयांना आहे. पुढचा परवाना सोडतीवर. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या परवान्याच्या परदेशातून होणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. जो हिशेब 'तिथल्या पगारातून फेडू' या एका ओळीवर उभा आहे, तो मी तरी मंजूर करणार नाही. युरोपात, विशेषतः बेल्जियमच्या लूव्हेनला, ही विद्या फार चांगली आहे. तिथे आयमेक ही संशोधन संस्था १९८४ पासून आहे. जर्मनीत फी नसते असे सर्वजण सांगतात, पण म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना फी लावली आहे. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

आणि हा धंदा चढ-उताराचा आहे. २००१ साली, २००८-०९ साली मी माझ्या शेजारची टेबले रिकामी होताना पाहिली. २०२३ मध्ये मेमरीच्या कंपन्यांची तीच गत झाली. दोन वर्षांच्या अभ्यासाला निघणारा आजच्या तेजीकडे पाहून निघतो आणि उतरतो तो दोन वर्षांनंतरच्या बाजारात. शिवाय व्हेरिलॉग लिहून देणारी यंत्रे आता आली आहेत. घाबरण्याचे कारण मला दिसत नाही. जे लिहिले ते बरोबर आहे हे छातीवर हात ठेवून कोणी सांगावे, हा प्रश्न यंत्राने लिहिल्यावर अधिकच मोठा होतो. पण जो केवळ लिहिण्यापुरते शिकेल त्याचे कठीण आहे.

म्हणून नोकरीचा राजीनामा देण्यापूर्वी सहा महिने घरी करून पाहावे असे मी सांगतो. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट आहेत. चिपच्या कामाची फुकट सॉफ्टवेअरेही आहेत. २०२० साली गूगल आणि स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटरच्या कारखान्याचे नियम सर्वांना खुले केले, आणि २०२२ पासून 'टायनी टेपआउट' नावाच्या उपक्रमात अनेकांचे लहान आराखडे एकाच चिपवर बसवून, सामान्य घराला झेपेल अशा खर्चात, ती बनवून पाठवितात. मधल्या काळात त्यांचे काम करणारी एफाबलेस ही कंपनी २०२५ मध्ये बंद पडली, तरी उपक्रम दुसऱ्या कारखान्यांच्या आधाराने चालू राहिला. रोज रात्री जेवणानंतर दोन तास, सहा महिने. त्यानंतरही भूक राहिली तर गेटला बसावे. न राहिली तर चालती नोकरी आहेच, आणि कोणाच्या पाटल्या गेलेल्या नाहीत.

आपल्या वडोदऱ्याला यात नवे काही नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले ते हाताने काम शिकविण्यासाठीच. दादासाहेब फाळके इथे शिकले. पुढे ते छायाचित्रकार झाले, छापखान्यात रमले, आणि चाळिशी उलटल्यावर सर्व बाजूला सारून चित्रपटाकडे वळले. नवे शिकण्यासाठी त्यांना विमा पॉलिसी गहाण टाकून लंडनला जावे लागले होते. त्यांच्या वेळी आपला ट्रस्ट नव्हता.

सध्या समितीपुढे एक अर्ज आहे. मुलगी तीन वर्षे ट्रान्सफॉर्मरच्या चाचणी विभागात काम करते. दोन ठिकाणी प्रवेश मिळत आहे : एक नावाजलेली संस्था, दुसरी फारशी कोणी न ऐकलेली. नाव सांगत नाही. ती सभागृहात बसलेली आहे आणि आत्ताच तिने मान खाली घातली. महिन्यापूर्वी ती माझ्याकडे आली तेव्हा मी तिला वडिलांचा प्रश्न विचारला. तिने माझ्यासारखे 'एम.टेक. होईन' म्हटले नाही. म्हणाली, "काका, आठ दिवस द्या." त्या आठ दिवसांत तिने दोन्ही विभागांना पत्रे लिहिली. नावाजलेल्या संस्थेकडून रंगीत माहितीपत्रक आले. दुसरीकडून एका प्राध्यापकाने स्वतः उत्तर पाठविले. सोबत त्यांच्या विद्यार्थ्यांच्या चार चिपांची छायाचित्रे होती, आणि चारांपैकी एक चालली नाही व ती का चालली नाही हेही त्यांनी दीड पान लिहिले होते. तिच्या वडिलांचा कल अजून नावाजलेल्या संस्थेकडे आहे. त्यांचेही चुकते असे मला म्हणवत नाही. लग्नाच्या बाजारात आणि नोकरीच्या मुलाखतीत नाव आधी पोहोचते. समिती शनिवारी बसेल. कर्ज कोठेही गेली तरी द्यावे असे माझे मत मी लेखी दिले आहे. कोठे जावे ते तिने ठरवावयाचे आहे, आणि त्या दीड पानाची प्रत तिने स्वतःजवळ ठेवली आहे एवढे मला माहीत आहे.

दर गुरुवारी सायंकाळी पाच ते सात मी ट्रस्टच्या कचेरीत बसतो. ज्यांच्या घरी असा विचार चालू असेल त्यांनी मुलाला किंवा मुलीला घेऊन यावे. माहितीपत्रक आणू नये. अभ्यासक्रम, गुणपत्रिका आणि फीचा आकडा आणावा, आणि आईलाही बरोबर आणावे.